आकाशातून पडलेल्या दगडाचा माग कसा काढावा: पुणे परिसरातील नवशिक्यांसाठी

अशनी शोधायला निघालेला नवखा माणूस सहसा पहिल्याच दिवशी जमिनीकडे पाहू लागतो. तो घाटात जातो, माळावर फिरतो, वेगळा वाटणारा प्रत्येक काळा दगड पिशवीत भरतो आणि संध्याकाळी घरी येऊन चुंबक लावून पाहतो. पुण्याच्या आसपास या मार्गाने अशनी सापडण्याची शक्यता जवळजवळ नाही, कारण आपण बेसॉल्टच्या देशात राहतो. ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनलेला हा दख्खनचा कातळ काळा आहे, जड आहे आणि त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असल्याने त्याचे कित्येक तुकडे चुंबकालाही ओढ देतात. ज्या खुणांवर वाळवंटातला शोधकर्ता विसंबतो, त्या सगळ्या इथल्या साध्या धोंड्यातही थोड्याफार आढळतात. म्हणून आपल्याकडे शोधाची सुरुवात आकाशात आणि घड्याळात होते. दगड नेमका कोठे पडला असेल हे जितक्या काटेकोरपणे ठरवता येईल, तितकीच तो सापडण्याची आशा असते. या लेखाचा मोठा भाग त्या ठरवण्यालाच दिला आहे.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. सूर्याभोवती फिरणारा खडकाचा लहान तुकडा पृथ्वीच्या वातावरणात शिरून पेटतो तेव्हा दिसणारी प्रकाशरेषा म्हणजे उल्का. शुक्रापेक्षाही तेजस्वी उल्केला या लेखात अग्निगोळा म्हटले आहे. त्यातून वाचून जमिनीवर पोहोचलेला दगड म्हणजे अशनी. दरवर्षी ठरावीक काळात होणाऱ्या उल्कावर्षावांतील उल्का बहुतेक धूमकेतूंच्या ठिसूळ धुळीच्या असतात आणि त्यांतून दगड पडत नाहीत. ऑगस्टमधील ययाती किंवा नोव्हेंबरमधील सिंह उल्कावर्षाव पाहून कोणी अशनी शोधायला निघू नये.

पडण्याआधीच दिसलेले लघुग्रह

लघुग्रह आधी दुर्बिणीतून दिसावा, त्याची कक्षा काढली जावी आणि मग तो सांगितलेल्या ठिकाणीच पडावा, असे पहिल्यांदा 2008 मध्ये घडले. अमेरिकेतील कॅटालिना सर्वेक्षणाला 6 ऑक्टोबरला दिसलेला सुमारे चार मीटरचा ‘2008 टीसी3’ हा लघुग्रह वीस तासांच्या आत सुदानच्या नुबियन वाळवंटावर फुटला. पुढे खार्टूम विद्यापीठाचे मुआविया शद्दाद, त्यांचे विद्यार्थी आणि खगोलशास्त्रज्ञ पीटर जेनिस्केन्स यांनी वाळवंटात माणसांची लांब रांग करून सुमारे सहाशे तुकडे वेचले. जवळच्या रेल्वे स्थानकावरून त्यांना ‘अल्महाता सित्ता’, म्हणजे अरबीत ‘सहावे स्थानक’, असे नाव मिळाले. 2024 अखेरपर्यंत असे केवळ अकरा लघुग्रह पडण्याआधी टिपले गेले, आणि त्यांपैकी चारांचेच दगड हाती लागले: सुदानमधील हा, 2018 मधील बोट्स्वानाचा, फेब्रुवारी 2023 मधील फ्रान्सच्या नॉर्मंडीतला आणि जानेवारी 2024 मधील बर्लिनजवळचा. शेवटचे दोन्ही हंगेरीचे खगोल-निरीक्षक क्रिस्तियान शार्नेत्स्की यांनी शोधले. नॉर्मंडीच्या वेळी हाताशी सुमारे सात तास होते, बर्लिनच्या वेळी तीनही नव्हते.

या नावांची रचना समजून घेतली तर बातमी वाचताना मदत होते. नॉर्मंडीच्या लघुग्रहाच्या ‘2023 सीएक्स1’ या नावात आधी वर्ष येते, त्यानंतरचे पहिले अक्षर महिन्याचा पंधरवडा सांगते (‘ए’ म्हणजे जानेवारीचा पहिला, ‘बी’ दुसरा, ‘सी’ फेब्रुवारीचा पहिला), आणि उरलेले अक्षर व अंक त्या पंधरवड्यातील क्रम दाखवतात.

ज्यांच्याकडे वीस-तीस सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण आणि चांगला कॅमेरा आहे, त्यांनी जगभरच्या लघुग्रह-निरीक्षणांची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरची खातरजमा-यादी आणि नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची ‘स्काउट’ ही सेवा नियमित पाहावी. स्काउट नव्याने दिसलेल्या वस्तू पृथ्वीवर आदळण्याचा संभव आपोआप तपासत राहते. आपल्या निरीक्षणांना स्थान मिळण्यासाठी मायनर प्लॅनेट सेंटरकडून वेधशाळेचा संकेतांक घ्यावा लागतो, आणि प्रत्येक छायाचित्राची वेळ सेकंदापर्यंत बरोबर असावी लागते, कारण पृथ्वीच्या अगदी जवळ आलेला लघुग्रह ताऱ्यांमधून फार वेगाने सरकतो. ज्यांना हे काम शिकायचे आहे त्यांनी एकट्याने धडपडू नये. 1944 पासून पुण्यात काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था टिळक स्मारक मंदिरात आहे, आणि तेथे आकाश ओळखण्यापासून सुरुवात करता येते.

तरीही वस्तुस्थिती अशी, की पडणाऱ्या बहुतेक दगडांची कोणालाही आगाऊ वर्दी नसते. 22 मे 2012 रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे भर दुपारी अशनी पडले, ते कोणत्याही दुर्बिणीने आधी पाहिलेले नव्हते. म्हणून आपली खरी तयारी अग्निगोळा दिसल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांसाठी हवी.

पहिली दहा मिनिटे

अग्निगोळा दिसल्यावर जागेवरून हलू नये, ही सर्वांत महत्त्वाची सूचना. माणूस आनंदाने किंवा भीतीने घरात धावतो, कोणाला तरी सांगतो, आणि परत गच्चीवर येतो तेव्हा आपण नेमके कोठे उभे होतो आणि तो कोणत्या झाडामागे मावळला, हे दोन्ही धूसर झालेले असते. माझ्या हातून हे एकदा घडले आहे. पाच सेकंदांचे ते दृश्य मला आजही लख्ख आठवते, पण मी लिहून ठेवलेली दिशा पुढच्या पडताळणीत पंधरा अंशांनी चुकीची ठरली आणि ती नोंद कोणाच्याही कामाची राहिली नाही.

पाय जेथे आहेत तेथे खडूने खूण करावी. मोबाइलमध्ये वेळ पाहून लगेच आवाज ध्वनिमुद्रित करायला लावावा आणि बोलत राहावे: कोठे सुरू झाला, कोठे संपला, रंग कोणता होता, तुकडे झाले का, किती वेळ दिसला. ध्वनिमुद्रण थांबवू नये, कारण त्याचे मुख्य काम पुढे आहे. प्रकाश तत्काळ पोहोचतो, आवाजाला मात्र एक किलोमीटर कापायला सुमारे तीन सेकंद लागतात. अग्निगोळा विझल्यानंतर दोन मिनिटांनी तोफेसारखा धडाका किंवा लांबलेला गडगडाट ऐकू आला, तर तो फुटला ती जागा तुमच्यापासून अंदाजे चाळीस किलोमीटरवर आहे. असा आवाज येणे ही दगड वातावरणात बराच खाली उतरल्याची, म्हणजेच काही तुकडे जमिनीपर्यंत आले असण्याची, फार चांगली खूण आहे. म्हणून किमान पाच-सहा मिनिटे शांत उभे राहून ऐकावे.

त्यानंतर दिशा मोजावी. पुण्यात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशापेक्षाही कमी फरक आहे, ही सोय आहे. पण गच्चीवरील पाण्याची टाकी, लोखंडी कठडे आणि उघडा बेसॉल्ट यांच्याजवळ होकायंत्राची सुई भरकटते. म्हणून एकट्या होकायंत्रावर विसंबू नये, तर दूरच्या ठळक खुणेशी दिशा जोडावी: सिंहगडावरील मनोऱ्याच्या डावीकडे दोन मुठी, पर्वतीच्या कळसाच्या सरळ वर, वेताळ टेकडीच्या कोणत्या टोकाला. हात पूर्ण लांब केला असता करंगळीची रुंदी साधारण एक अंश भरते, आवळलेली मूठ दहा अंश आणि ताणलेली वीत सुमारे वीस अंश. क्षितिजापासूनची उंचीही याच मापाने सांगावी. ‘खूप वर होता’, ‘समोरच्या इमारतीमागे पडला’ अशा वर्णनातून काहीही काढता येत नाही. इमारतीमागे पडल्यासारखा दिसणारा अग्निगोळा प्रत्यक्षात वीस-तीस किलोमीटर उंचीवर विझलेला असतो आणि कित्येकदा शंभर किलोमीटर दूर असतो.

ही नोंद इंटरनॅशनल मीटिऑर ऑर्गनायझेशनच्या अर्जात त्याच रात्री भरावी. तेथे वेगवेगळ्या गावांतील लोकांच्या नोंदी एकत्र जुळवल्या जातात.

दिसलेली वस्तू अग्निगोळाच होती का, हेही येथेच तपासावे. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून जळते तुकडे सरकताना दिसले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात त्यांतून धातूचे मोठे कडे आणि गोळे मिळाले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष होते. अग्निबाण व उपग्रहांचे तुकडे सेकंदाला आठ किलोमीटरहून कमी वेगाने शिरतात आणि आकाश ओलांडायला मिनिटभर किंवा अधिक वेळ घेतात. नैसर्गिक उल्केचा वेग किमान अकरा किलोमीटर असतो आणि ती बहुधा काही सेकंदांतच विझते. अंतराळयानाचा तुकडा सापडला तर त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे, कारण त्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो.

कॅमेऱ्यांचे पुरावे

आज सोसायट्यांचे, दुकानांचे आणि पेट्रोल पंपांचे सीसीटीव्ही कॅमेरे हेच आपले सर्वांत मोठे निरीक्षण-जाळे आहे, पण त्यांतील चित्रण काही दिवसांत पुसले जाऊन त्यावर नवे चढते. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी सकाळी सोसायटीच्या सचिवांना भेटावे, कशासाठी हवे ते नीट समजावून सांगावे आणि मूळ फाइल मागावी. पडद्यावरून मोबाइलने काढलेले चित्रण मोजमापाला अपुरे पडते. त्याच भेटीत कॅमेऱ्याचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे हे दोन्ही घड्याळे एकत्र ठेवून टिपावे. ही साधी गोष्ट सर्वाधिक वेळा राहून जाते.

चित्रणात अग्निगोळा थेट दिसला नाही तरी निराश होऊ नये. त्याच्या प्रकाशात खांबाची किंवा झाडाची सावली जमिनीवर फिरलेली असेल, तर त्या सावलीवरून दिशा काढता येते. कॅमेऱ्यात आकाश दिसत असेल, तर एखाद्या निरभ्र रात्री नेमक्या त्याच जागेवरून ताऱ्यांचे छायाचित्र घ्यावे. ताऱ्यांची स्थाने ठाऊक असल्याने छायाचित्रातील प्रत्येक ठिपक्याचा कोन त्यावरून ठरतो.

एका जागेवरून फक्त दिशा मिळते. अंतर मिळण्यासाठी दुसरी जागा हवी आणि ती पुरेशी दूर हवी. कोथरूड आणि हडपसर ही जोडी उपयोगाची नाही. पुण्याबरोबर सातारा, अहिल्यानगर किंवा सोलापूर येथील चित्रण मिळाले तर दोन दिशांच्या रेषा चांगल्या कोनात छेदतात. मोजमापातील एका अंशाची चूक शंभर किलोमीटरवर पावणेदोन किलोमीटरची होते, हा आकडा प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावा असे मला वाटते. पावणेदोन किलोमीटर म्हणजे पायी शोधणाऱ्या आठ-दहा जणांच्या गटाचे कित्येक दिवस.

अंधारातला प्रवास आणि वारा

अग्निगोळा विझल्यावर दगड थेट त्याच रेषेत पुढे जात नाही. हवेने त्याचा सगळा वेग खाल्लेला असतो, तो चमकेनासा होतो आणि साध्या दगडासारखा खाली पडू लागतो. पंचवीस किलोमीटर उंचीवरून एक किलोचा दगड साधारण तीन मिनिटांत जमिनीवर येतो आणि शेवटी त्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो. दहा ग्रॅमचा तुकडा सहा-साडेसहा मिनिटे घेतो. तेवढा वेळ तो वाऱ्याच्या ताब्यात असतो आणि काही किलोमीटर बाजूला वाहत जातो. म्हणून मोठे दगड मूळ प्रवासाच्या दिशेने पुढे आणि लहान तुकडे मागे, वाऱ्याने बाजूला सरकलेले, असा लांबट पट्टा तयार होतो. अशनी पडण्याच्या या पट्ट्याचा नकाशा काढणे हेच या साऱ्या गणिताचे फलित आहे.

यासाठी जमिनीवरचा वारा पाहून चालत नाही, उंचावरचा लागतो. हवामान खात्याची ठरावीक केंद्रे दिवसातून दोनदा, भारतीय वेळेनुसार पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, उपकरण बांधलेले फुगे सोडतात आणि प्रत्येक उंचीवरील वाऱ्याची दिशा व वेग नोंदवतात. अमेरिकेतील वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जगभरच्या या नोंदी पाहायला मिळतात. घटनेच्या वेळेला जवळची नोंद घ्यावी. आपल्याकडे ऋतू बदलला की हा वारा उलटतो, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. हिवाळ्यात महाराष्ट्रावर उंचावर पश्चिमेकडून वारे वाहतात आणि तुकडे पूर्वेला ढकलतात. पावसाळ्यात चौदा-सोळा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून येणारा जोरदार वाऱ्याचा झोत असतो आणि तो त्यांना पश्चिमेला नेतो, जरी खाली नैर्ऋत्येचा मोसमी वारा वाहत असला तरी. जानेवारीचा अनुभव जुलैत वापरणारा चुकीच्या तालुक्यात पोहोचू शकतो.

रानात उतरण्याआधी

पट्टा ठरला की त्यातील गावांची यादी करावी आणि प्रथम माणसांना भेटावे. सरपंच आणि पोलीस पाटील यांना आपण कोण, काय शोधतो आणि सापडल्यास त्याचे काय करणार हे स्पष्ट सांगावे. ज्याची जमीन त्याची परवानगी घेतल्याशिवाय बांध ओलांडू नये. पैशांची भाषा तर चुकूनही काढू नये, कारण एकदा ‘आकाशातला दगड लाखाला जातो’ अशी वार्ता पसरली की पुरावा गावोगाव विखुरतो आणि खऱ्या दगडाची जागा कधीच कळत नाही. त्याऐवजी विचारावे की त्या रात्री पत्र्यावर काही आदळल्याचा आवाज आला का, शिट्टीसारखा किंवा सळसळ आवाज ऐकला का, कौल फुटले का, अंगणात सकाळी अनोळखी दगड दिसला का. गुराखी आणि रात्री पिकाला पाणी द्यायला गेलेले शेतकरी यांच्याकडून फार मोलाची माहिती मिळते.

‘दगड लालबुंद होता, गवत पेटले’ असे कोणी सांगितले तर ती नोंद आदराने लिहून घ्यावी, पण तिच्या मागे धावू नये. तापतो तो केवळ दगडाचा बाहेरचा पातळ थर, तोही काही सेकंद, आणि नंतरच्या मिनिटांत उंचावरची गोठवणारी हवा त्याला थंड करते. ताजा अशनी आग लावत नाही.

प्रत्यक्ष शोध

जागा निवडताना काळी माती आणि कातळ दोन्ही टाळता येतील तेवढे टाळावेत. सिमेंटचे रस्ते, शाळेची मैदाने, देवळांची फरसबंद आवारे, सपाट गच्च्या, तलावाच्या काठाचा सुकलेला फिकट गाळ, नुकतीच काढणी झालेली ज्वारीची मोकळी राने: येथे एक काळा दगड चटकन उठून दिसतो. उभा ऊस असेल तर तो भाग नकाशावर खूण करून सोडून द्यावा.

माणसांनी दोन ते तीन मीटर अंतर ठेवून एका ओळीत चालावे. दोन टोकांच्या माणसांनी मोबाइलवर आपला मार्ग नोंदवत राहावे. कोणी थांबले की सगळ्यांनी थांबावे, कारण ओळ मोडली की कोणती पट्टी पाहिली आणि कोणती नाही हे सांगता येत नाही. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात सावल्या लांब असल्याने लहान दगड लवकर लक्षात येतो. भर दुपारी डोळेही थकतात आणि माणसेही. नव्या गटाने आधी एका टेकडीवर सराव करावा: एकाने काळ्या रंगाने रंगवलेले वीस खडे मोजून टाकावेत आणि इतरांनी ते ओळीने शोधावेत. किती सुटले हे पाहिल्यावर चालण्याचा वेग आपोआप कमी होतो.

नॉर्मंडीत पहिला दगड एका अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीला तिसऱ्या दिवशी शेतात मिळाला. बर्लिनजवळ मात्र शोधणाऱ्यांची पंचाईत झाली. तेथील अशनी ऑब्राइट या दुर्मीळ प्रकारचे होते, त्यांची साल काळी नसून काचेसारखी फिकट होती आणि ते साध्या दगडांसारखे दिसत होते. ऑगस्ट 2022 मध्ये गुजरातच्या दियोदर तालुक्यात पडलेला अशनीही ऑब्राइटच होता. त्यामुळे काळ्याच दगडाचा हट्ट धरू नये. आजूबाजूच्या दगडांशी ज्याचे नाते दिसत नाही, तो दगड पाहावा.

बेसॉल्ट की अशनी

ताज्या अशनीवर एक मिलिमीटरहून पातळ, वितळून झालेली काळी किंवा काळपट तपकिरी साल असते. ती अंड्याच्या टरफलासारखी सलग असते आणि कोपरा उडाला असेल तर आतला करडा, फिकट दगड दिसतो. हा आत-बाहेरचा फरक आपल्या भागात सर्वांत विश्वासू खूण आहे, कारण ताजा बेसॉल्ट आतूनही काळाच असतो आणि जुना झाला की बाहेरूनच तांबूस-तपकिरी होतो. पृष्ठभागावर ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे असू शकतात. तुटलेल्या भागात धातूचे चकाकते कण आणि कधी बारीक गोल दाणे दिसतात. ज्या दगडात बुडबुड्यांची भोके आहेत किंवा त्या भोकांत पांढरे-हिरवट स्फटिक भरले आहेत, तो आपल्याच लाव्हाचा दगड समजावा. भोसरी-चिंचवडच्या बाजूला ओतकामाची धातुमळी आणि वीटभट्ट्यांजवळ जास्त भाजून वितळलेल्या विटांचे खंगर मिळतात. ते जड, काळे आणि काचेसारखे असल्याने अनेकांना फसवतात, पण त्यांतही भोके असतात.

चुंबकाविषयी माझे मत ठाम आहे: ताज्या दगडाला चुंबक लावूच नये. शक्तिशाली चुंबक टेकवताच त्या दगडाने कोट्यवधी वर्षे जपलेली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते, आणि त्या बदल्यात आपल्याला कळते ते बेसॉल्टच्या प्रदेशात फारसे निर्णायक नसते.

जुन्या, संशयास्पद दगडासाठी घनतेची चाचणी अधिक बरी. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर आधी दगडाचे वजन करावे. मग पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा आणि दोऱ्याने बांधलेला दगड तळाला किंवा कडेला न टेकता पूर्ण बुडवून धरावा. आता दिसणारा आकडा म्हणजे दगडाचे घनसेंटिमीटरमधील आकारमान. वजनाला त्याने भागावे. 170 ग्रॅमच्या दगडाचा आकडा 59 आला तर घनता 2.9, म्हणजे बेसॉल्टचीच. 50 आला तर 3.4, आणि तेथे पुढे तपासणी करण्यासारखे काही आहे. नुकत्याच पडलेल्या दगडावर ही चाचणी करू नये. पाण्याने त्यातील लोह गंजते आणि विद्राव्य क्षार निघून जातात.

सापडल्यानंतर

दगड दिसताच उचलू नये. आधी जागेवर छायाचित्रे घ्यावीत, शेजारी मापासाठी दहा रुपयांचे नाणे ठेवावे (त्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो), अक्षांश-रेखांश, वेळ, खड्डा असल्यास त्याची खोली आणि जमिनीचा प्रकार लिहावा. मग स्वच्छ ॲल्युमिनियमच्या फॉइलने, हाताचा स्पर्श न होऊ देता, तो उचलून गुंडाळावा आणि बंद होणाऱ्या पिशवीत ठेवावा. धुणे, घासणे, तोडून पाहणे, हळद-कुंकू वाहणे यांपैकी काहीही होऊ देऊ नये. शेवटची विनंती गावात हळुवारपणे करावी लागते आणि कारण सांगितले तर लोक ती मानतात.

यानंतर वेळ फार महत्त्वाचा आहे. अंतराळात वैश्विक किरणांच्या माऱ्याने दगडात किरणोत्सारी अणू तयार झालेले असतात, आणि पडल्या क्षणापासून ते घटू लागतात. सोडियम-24 पंधरा तासांत निम्मा होतो, मँगनीज-52 साडेपाच दिवसांत, व्हॅनेडियम-48 सोळा दिवसांत. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी ही मोजणी होते आणि तीवरून मूळ लघुग्रह केवढा होता व हा तुकडा त्याच्या किती खोलीवर होता हे कळते. महिनाभर कपाटात ठेवलेल्या दगडातून यातील बरीच माहिती निसटलेली असते. भारतातील अशनींचा राष्ट्रीय संग्रह भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. त्यांच्या पुण्यातील किंवा नागपूरच्या कार्यालयाला त्वरित कळवावे, दगड सोपवताना लेखी पोच घ्यावी आणि त्या पोचेवर ज्या शेतात तो मिळाला त्या शेतकऱ्याचे नाव यावे याचा आग्रह धरावा.

काहीच सापडले नाही, आणि बहुतेक वेळा तसेच होते, तरी नकाशा पूर्ण करावा. कोणती राने कोणत्या तारखेला किती माणसांनी पाहिली, कोठे गवत गुडघाभर होते, कोणत्या शेतांत ऊस उभा होता, हे सर्व त्यावर लिहावे आणि त्याची प्रत आपल्या गटातील किमान दोघांकडे ठेवावी. ऊसतोडणी झाली की पाचट उचलल्यानंतर त्या रानांत पुन्हा जाता येते, आणि तेव्हा ओळ कोठून सुरू करायची हे हा नकाशाच सांगतो.